वळणावर टकटकणारं चाक

आलापल्ली सोडून भामरागडच्या रस्त्याला लागलं की पुढचे साठ-पासष्ट किलोमीटर बहुतेक जंगल. मध्येच मोबाइलची रेंज जाते, आणि गॅरेज सापडलं तरी आपल्या गाडीचा सुटा भाग तिथे मिळेलच असं नाही. भामरागडहून गडचिरोली म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या घरातलं अंतर. नागपूर-पुण्यात ‘रविवारी दाखवू’ म्हणून सोडून दिलेला आवाज आपल्या गडचिरोली-चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत त्याच दिवशी तपासावा लागतो, तो यासाठी. वळताना पुढच्या चाकाकडून येणारी टकटक ही अशा आवाजांत सगळ्यात नेहमीची. तिची कारणं मात्र आठ-दहा असू शकतात. त्यातलं एखादं पाच मिनिटांत दूर होतं, आणि एखाद्यात गाडी जागेवरून हलवणंही धोक्याचं असतं.

आपल्याकडे हा आवाज लवकर येतो, कारण रस्ता आणि हवा दोन्ही गाडीला कष्ट देतात. आष्टी-आलापल्ली-सिरोंचा मार्गावरचे खड्डे, सुरजागडच्या लोहखनिजाच्या आणि घुग्घुस-राजुरा-बल्लारपूर पट्ट्यातल्या कोळशाच्या ट्रकांमागची धूळ, पावसाळ्यात रपट्यांवरून वाहणारं पाणी, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारा पारा. रबर, ग्रीस आणि बेअरिंग, तिघांचंही आयुष्य यात कमी होतं.

गॅरेजमध्ये जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधून ठेवा. आवाज चाक फिरताना येतो, की नुसतं स्टेअरिंग फिरवताना? गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा, इंजिन चालू ठेवा, काचा खाली करा आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. टोकाला नेऊन दाबून धरू नका. उभ्या गाडीत आवाज आला तर दोष सस्पेन्शनमध्ये किंवा स्टेअरिंगमध्ये आहे. उभ्या गाडीत शांतता, पण गाडी चालवत वळवली की वेगाबरोबर वाढणारी टक-टक-टक, असं असेल तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे. एवढं एक वाक्य मेकॅनिकला नीट सांगता आलं तरी अंदाजाने भाग बदलत बसण्याचा खर्च वाचतो.

आधी हाताने होणारी तपासणी

चाकाचे नट तपासा. हे पहिलं, आणि ते कोणीही टाळू नये. आपल्याकडे पंक्चर नेहमीचं. रस्त्याकडेला, घाईत, कधी अंधारात स्टेपनी बसवली जाते आणि एखादा नट ढिला राहतो. ढिलं चाक सरळ रस्त्यावर गप्प असतं आणि वळणावर भार आला की वाजतं. असं चाक निखळून पडू शकतं. व्हीलपाना घेऊन समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळा, आणि नवं चाक बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

मग टायरच्या खाचा पाहा. अडकलेली गिट्टी किंवा खिळा टकटक करतोच, पण तो सरळ चालतानाही ऐकू येतो. वळताना फक्त सूर बदलतो. स्टेअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या वरचं प्लॅस्टिकचं अस्तर बघा. चिखलाच्या भाराने किंवा रस्त्यावरच्या फांदीने त्याची क्लिप तुटते, अस्तर खाली लोंबतं आणि पूर्ण वळणावर टायरला घासतं. व्हील कव्हर काढून दोन किलोमीटर फिरून या. बऱ्याच गाड्यांची तक्रार तिथेच संपते.

सीव्ही जॉइंट: खरा संशयित

हे सगळं ठीक असेल आणि टकटक चाकाच्या फिरण्याबरोबर येत असेल, तर आता गाडी कोणती आहे ते महत्त्वाचं. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती आली, आणि पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी आपल्याकडे घरोघरी पोचू लागली. त्याआधीच्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनीत ताकद मागच्या चाकांना जायची. आज अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, क्विड या सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या आहेत. बोलेरो, सुमो, ट्रॅक्स, ईको आणि जुनी ओम्नी मागच्या चाकांवर ढकलतात. त्यांच्या पुढच्या चाकांत सीव्ही जॉइंटच नसतो. साध्या बोलेरोची टकटक कोणी ‘पुढचा एक्सल गेला’ म्हणून सांगत असेल, तर त्याला एक्सल दाखवायला सांगा.

पुढचं चाक एकाच वेळी फिरतं, वळतं आणि खड्ड्यात वर-खाली होतं. तरीही गिअरबॉक्सकडून येणारी ताकद त्याला एकसारखी मिळावी, यासाठी ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला सीव्ही जॉइंट असतो. गॅरेजवाले त्याला एक्सल जॉइंट म्हणतात. त्याच्या पोटात साधारणपणे सहा पोलादी गोळ्या असतात आणि त्या वाकड्या खाचांतून सरकतात. गाडी सरळ जाताना गोळ्या खाचेच्या एकाच जागी राबतात, आणि कालांतराने त्याच जागी खळगा पडतो. वळताना प्रत्येक फेरीला गोळी त्या खळग्यातून बाहेर येते आणि परत पडते. आपल्याला ऐकू येते ती हीच टकटक. शाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकालाही एक जॉइंट असतो, पण तो झिजला की लक्षण वेगळं असतं. सरळ रस्त्यावर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरते.

या जॉइंटवर काळ्या रबराचं घडीघडीचं आवरण असतं. त्याला बूट म्हणतात. आत काळं ग्रीस भरलेलं असतं. बूट शाबूत असेल तर जॉइंट लाखभर किलोमीटरही सहज चालतो. आपल्याकडे उन्हाने रबर कडक होतं, घड्यांच्या तळाशी भेगा पडतात, कधी जंगलवाटेवरचा वाळलेला खुंट बूट फाडून जातो. मग चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि धूळ आत शिरते. खनिजाची धूळ ग्रीसमध्ये कालवली गेली की जॉइंटच्या आत जात्यासारखं दळण सुरू होतं. रपट्यावरच्या पाण्याने गंज चढतो. म्हणजे बूट आधी फाटतो आणि आवाज नंतर येतो. मधल्या काळात गाडी अगदी गप्प असते. याच काळात बूट बदलला तर जॉइंट वाचतो. माझा सगळा आग्रह या तपासणीसाठी आहे.

ती करायला गाडी जॅकवर चढवावी लागत नाही. स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, गाडी बंद करून हँडब्रेक लावा आणि वळलेल्या चाकाच्या मागे टॉर्च मारा. वळल्यामुळे बुटाच्या घड्या उघडतात, आत लपलेल्या भेगा दिसतात. दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा बूट पाहा. रिमच्या आतल्या बाजूला, शॉकअपवर किंवा मडगार्डच्या अस्तरावर काळ्या चिकट ग्रीसचे शिंतोडे एका रेषेत उडालेले असतील, तर बूट फाटलाय असं समजा. वाळलेला चिखलही काळा दिसतो म्हणून बोटाने चोळून बघा. चिखलाची माती होते, ग्रीस बोटाला धरून राहतं. बुटाच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्याही तपासा. रबर धड असूनही पट्टी सुटल्यामुळे ग्रीस निघून गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आवाज पक्का करायचा असेल तर आठवडी बाजाराचं रिकामं मैदान उत्तम. काचा उघड्या ठेवा, स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे वळवा आणि पहिल्या गिअरमध्ये थोडा जोर देत गोल फिरा. मग डावीकडे, मग दोन्ही बाजूंनी रिव्हर्समध्ये. साधारणपणे वळणाच्या बाहेरच्या बाजूचा जॉइंट जास्त वाजतो. उजवीकडे वळताना टकटक असेल तर डावं चाक आधी बघा. पण हा नियम दर वेळी लागू पडेलच असं नाही, म्हणून निर्णय कानावर न सोडता बूट आणि जॉइंट डोळ्यांनी बघून घ्या.

काय बदलायचं, काय नाही

बूट फाटलाय पण टकटक अजून नाही, अशा वेळी जॉइंट काढून पूर्ण धुवावा, गोळ्या आणि खाचा उजेडात तपासाव्यात, आणि खळगा किंवा भेग नसेल तर नवं ग्रीस भरून नवा बूट बसवावा. एकदा टकटक सुरू झाली की बूट बदलून उपयोग नाही. खाच झिजलेली असते, ती ग्रीसने भरून येत नाही. आवाज काही दिवस दबतो एवढंच. जुनी गाडी विकणारे नेमकं हेच करतात, तेव्हा गाडी घेताना मैदानावरची ती फेरी नक्की मारा. झिजलेल्या जॉइंटला दोन पर्याय असतात: बाहेरचा जॉइंट नवा, किंवा अख्खा शाफ्ट नवा. आतला जॉइंट चांगला असेल तर फक्त बाहेरचा बदलणं पुरतं. पण दोन्ही बूट कडक झाले असतील आणि गाडी रोज खाणपट्ट्यात फिरत असेल, तर अख्खा शाफ्ट घ्यावा असं माझं मत आहे. स्वस्त नकली जॉइंटच्या पोलादाला पाणी नीट दिलेलं नसतं, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकेल असं नाही. चांगल्या जॉइंटसाठी पैसे जमत नसतील तर थोडं थांबून चांगलाच घ्या, तोवर लांबचा प्रवास टाळा.

काम स्वतः करत नसाल तरी ते कसं होतं हे माहीत असू द्या, म्हणजे शेजारी उभं राहून बघता येतं. चाकाच्या मधोमध असलेला मोठा एक्सल नट गाडी जमिनीवर असताना, ब्रेक दाबून धरून ढिला करतात. मग जॅक, आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, कितीही सवय असली तरी. चाक काढून, लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा टाय रॉड सोडवून हब बाहेर ओढलं की शाफ्ट निघतो. शाफ्ट गिअरबॉक्समधूनही काढला तर गिअर ऑइल गळतं. ते परत भरायला आणि तिथलं ऑइल सील बघायला सांगा, कारण याचा विसर पडला की महिन्याभरात गिअरबॉक्स ओरडू लागतो. ग्रीस मॉलिब्डेनमचं काळंच हवं. नव्या बुटासोबत त्याची पुडी येते, ती पूर्ण वापरायची. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस इथे चालत नाही. पट्ट्या धातूच्या आणि योग्य हत्याराने आवळलेल्या असाव्यात. तार गुंडाळून भागवू नये. उभा चिरून चिकटवायचा बूट मिळतो, शाफ्ट न काढता काम होतं म्हणून तो सुचवलाही जातो, पण आपल्या रस्त्यांवर त्याचा जोड फार काळ धरत नाही.

एक्सल नट नवाच वापरावा आणि टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्यावर आवळावा. अनेक छोट्या गाड्यांत तो दोनशे न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो. नट ढिला असताना गाडीचं वजन चाकावर टाकून ती ढकलत नेऊ नका, बेअरिंग जातं. आणि उभ्या गाडीने पुढे निघताना किंवा रिव्हर्स टाकताना एकदाच ‘टक’ असा आवाज येत असेल, तर तो बहुधा याच नटाच्या ढिलाईचा किंवा ब्रेक पॅड जागेवर हलल्याचा असतो. नव्या जॉइंटनंतर असा आवाज आला तर परत जाऊन नट तपासून घ्या.

उभ्या गाडीत आवाज आला तर

इथे मला जास्त काळजी वाटते. सीव्ही जॉइंट तुटला तर गाडी जंगलात अडकवतो. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होतं आणि चालत्या गाडीचा ताबा सुटतो. दोन्हींची सुरुवात ‘टक’ अशाच आवाजाने होऊ शकते.

बॉल जॉइंटचा आवाज स्टेअरिंग फिरवताना आणि खड्ड्यातही येतो, वेगाशी त्याचा तालाचा संबंध नसतो. पुढचं चाक जॅक आणि स्टँडवर उचलून वर-खाली दोन हातांनी धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डाव्या-उजव्या कडांना धरून हलवल्यावर ढिलाई जाणवली तर टाय रॉड एंड. दुसऱ्या माणसाला हलवायला लावून सांध्यावर बोट ठेवलं तर नेमका कोणता भाग हलतोय ते कळतं. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडमध्ये उघड ढिलाई सापडली, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. मेकॅनिकला बोलवा, किंवा गाडी उचलून न्या. टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, आणि आपल्याकडे बहुतेकांना त्यासाठी जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी जावं लागेल. तो खर्च आणि तो दिवस आधीच हिशेबात धरा.

स्टेअरिंग फिरवताना वरून, बोनेटखालून, ‘टंग’ असा ताणलेली स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमधलं बेअरिंग अडकलं आहे. स्टेअरिंगबरोबर शॉकअपची स्प्रिंग मोकळी फिरायला हवी. बेअरिंगमध्ये धूळ भरली की ती अडते, ताण साठतो आणि एकदम सुटतो. कोणी स्टेअरिंग फिरवत असताना स्प्रिंगला हलकेच हात लावा, तो झटका हाताला लागतो. हे काम अनुभवी माणसाचंच. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून धरल्याशिवाय वरचा मधला नट कोणी सोडवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. दाबलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

खड्ड्यात जास्त आणि वळताना कमी वाजत असेल तर स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर संशय घ्या. तो स्वस्त आहे, बदलायला सोपा आहे, म्हणून स्टेअरिंगचा रॅक बदलण्याची भाषा सुरू होण्याआधी तो तपासायला हवा. रॅक हा सगळ्यात महाग भाग, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आवाज स्टेअरिंगच्या चाकाजवळच, अगदी बोटांखाली येत असेल, हॉर्न मध्येच बंद पडत असेल किंवा एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर चाकामागची गुंडाळीची केबल खराब झाली आहे. तिथे एअरबॅग असल्याने घरी किंवा रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये ती उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या.

जिप्सी, थार, बोलेरो कॅम्पर अशा फोर बाय फोर गाड्या चालवणाऱ्यांनी एक गोष्ट आधी बघावी. चिखलातून निघाल्यावर लिव्हर परत टू-व्हीलवर आणला का? चारही चाकं जोडलेली असताना डांबरी रस्त्यावर कोपऱ्यात वळलं की गाडी अडखळते, टायर घासतात आणि खालून ठकठक येते. दोष गाडीत नसतो, पण तशीच चालवत राहिलात तर तो तयार होतो. या गाड्यांत पुढच्या चाकांनाही जॉइंट असतात, तेव्हा बुटाची किंवा सीलची तपासणी त्यांनाही चुकत नाही.

रस्त्यातच सुरू झाली तर

सीव्ही जॉइंटची टकटक सुरू झाल्या झाल्या गाडी बंद पडत नाही. सावकाश, मोठ्या घेराने वळत, पूर्ण वळवलेल्या स्टेअरिंगवर जोर न देता जवळच्या मोठ्या गावापर्यंत पोचता येतं. सुटताना झटका देऊ नका आणि वाळूतून किंवा चिखलातून चाक फिरवत बाहेर काढू नका, जॉइंट तुटतो तो अशाच जोरात. तुटला की इंजिन चालतं, गिअर पडतो, पण गाडी जागची हलत नाही, कारण सगळी ताकद तुटलेल्या बाजूला निघून जाते. अशी गाडी गिअरमध्ये ठेवूनही उतारावर थांबत नाही. हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा.

चंद्रपूर-मूल रस्त्यावर, मोहर्लीच्या वाटेवर किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलात दिवस कलल्यावर आवाज आला, तर खाली उतरून चाकाजवळ वाकून बसू नका. वाघाच्या भागात वाकलेला माणूस सगळ्यात असुरक्षित. हळू चालवत वस्तीपर्यंत, चौकीपर्यंत किंवा वनविभागाच्या नाक्यापर्यंत जा. गाडी हलतच नसेल तर काचा बंद करून, इंडिकेटर चालू ठेवून आतच थांबा. रेंज असेल तर ११२ वर, किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. येणाऱ्या एसटीला किंवा ट्रकला दिवे दाखवून थांबवा आणि पुढच्या गावी निरोप द्या.

तपासणीचे दोन मुहूर्त ठरवून टाका: मृगाआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा. भामरागडला पर्लकोटेचं पाणी पुलावर चढतं तसं चाकं बुडवणारं पाणी ओलांडावं लागलं असेल, तर मुहूर्ताची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी बूट पाहा. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ, राखाडी दिसतं. असं दिसलं आणि टकटक अजून सुरू झाली नसेल, तर त्या आठवड्यात जॉइंट धुऊन ग्रीस बदलून घेतलं की भागतं. गाडीच्या डिकीत टॉर्च, व्हीलपाना, हातमोजे, चाकाखाली लावायला लाकडाचे दोन ठोकळे आणि तुमच्या मॉडेलच्या एक्सल नटाच्या सॉकेटचं माप लिहिलेला कागद ठेवा. सिरोंच्याच्या गॅरेजवाल्याला फोनवर मॉडेल, वर्ष आणि ते माप सांगता आलं, तर तो तेलंगणातून किंवा चंद्रपूरहून भाग मागवून ठेवू शकतो, आणि तुमचा एक पूर्ण दिवस वाचतो.